काडेपेट्यांचा टपालखर्च : एका शाळकरी धंद्याचे प्रकरण

किशोरवयात सुरू झालेल्या धंद्यांच्या गोष्टींत वयाचा आकडा अगदी पहिल्या ओळीत येतो आणि जमाखर्चाचा आकडा बहुधा येतच नाही. स्वीडनच्या इंग्वार काम्प्राड या मुलाचे प्रकरण त्या दृष्टीने वेगळे आहे, कारण आपल्या पहिल्या व्यवहाराचा हिशेब त्याने मोठेपणी स्वतःच सांगून ठेवला आणि तो पाठकोऱ्या कागदावर मावेल इतका लहान आहे. त्याने काढलेली आयकिया ही कंपनी पुढे जगभर पसरली हे वाचकांना ठाऊक असेलच. परंतु येथे विचार करायचा आहे तो त्या कंपनीच्या आधीच्या आणि अगदी सुरुवातीच्या काळाचा, म्हणजे मालक पाच वर्षांचा होता तेव्हापासून तो बावीस वर्षांचा होईपर्यंतचा. या संपूर्ण काळात त्याच्या मालाच्या यादीत खुर्ची-टेबल नव्हते, ही गोष्ट सुरुवातीलाच नोंदवून ठेवलेली बरी.

८८ ओरेचा गठ्ठा

काम्प्राडचा जन्म ३० मार्च १९२६ रोजी दक्षिण स्वीडनमधील स्मोलांड प्रांतात झाला. तो साधारण पाच वर्षांचा असताना नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंच्या मदतीने त्याने स्टॉकहोममधील '८८ ओरेचा बाजार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुकानातून शंभर काडेपेट्या घेतल्या. आपल्याकडे जत्रेत 'कोणतीही वस्तू दहा रुपये' अशी पाटी लावून जो ठेला उभा असतो, त्याच जातीचा तो बाजार. स्वीडिश क्रोनाचे शंभर ओरे होतात. म्हणजे शंभर पेट्यांचा पूर्ण गठ्ठा एका क्रोनाच्याही आत, ८८ ओरेला पडला. मुलाने गठ्ठा फोडला, पेट्या सुट्या केल्या आणि शेजारपाजारी दोन-तीन ओरेला एक अशा विकल्या. काही पेट्या पाच ओरेलाही गेल्या.

आता आकडे मांडून पाहू. शंभरच्या शंभर पेट्या दोन ओरेने गेल्या असे धरले तरी २०० ओरे हातात येतात आणि मुद्दल वजा जाता ११२ ओरे उरतात; तीन ओरेने गेल्या असे धरले तर २१२ उरतात. घातलेल्या पैशावर सव्वापट ते जवळजवळ अडीचपट नफा, तोही उधारी न ठेवता. कोणताही किराणा दुकानदार हे आकडे पाहून एकच प्रश्न विचारील : यात वाहतूक कुठे धरली आहे?

ती धरलेलीच नाही. ही आठवण सांगताना काम्प्राडने स्वतःच एक तपशील जोडला आहे, तो असा की त्या बाईंनी टपालाचे पैसे त्याच्याकडून घेतले नाहीत. आठवण म्हणून हा तपशील गोड आहे. हिशेब म्हणून तो सर्वांत महत्त्वाचा आहे. स्टॉकहोमपासून स्मोलांडमधले त्याचे खेडे चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. काडेपेट्या वजनाला हलक्या असल्या तरी जागा फार खातात, आणि शंभर पेट्यांचे पार्सल टपालाने पाठवायचे म्हटले की पैसे पडणारच. समजा, केवळ उदाहरणापुरते, टपालाला ६० ओरे लागले असते, तर दोन ओरेच्या भावाने होणारा ११२ ओरेंचा नफा ५२ वर आला असता. आणि मुलाच्या चालण्याचे, म्हणजे घरोघरी माल पोहोचवण्याच्या मजुरीचे पैसे धरले असते तर त्यातूनही फारसे काही उरले नसते.

यात त्या मुलाला कमी लेखण्याचा हेतू मुळीच नाही. शाळकरी मुलाच्या जवळजवळ प्रत्येक धंद्यात असा एक न लावलेला खर्च असतो. दिवाळीत उटणे किंवा आकाशकंदील विकणाऱ्या मुलीच्या हिशेबात घरची वीज नसते, घरचा गॅस नसतो, बाबांनी दुचाकीवरून आणून दिलेल्या कागदाचे पेट्रोल नसते आणि रात्री अकरापर्यंत पाकिटे चिकटवत बसलेल्या आजीची मजुरी तर नसतेच नसते. त्यामुळे वहीत दिसणारा नफा हा बऱ्याच अंशी घरच्यांनी दिलेली देणगी असते. देणगी घेण्यात काही वावगे नाही. प्रश्न एवढाच की ती देणगी आहे हे वहीत कुठे लिहिलेले आहे का. काम्प्राडने ते निदान स्मरणात लिहून ठेवले होते, आणि त्याच्या पुढच्या साऱ्या उलाढालीकडे पाहिले तर हा माणूस आयुष्यभर त्या एका टपालखर्चाचेच उत्तर शोधत होता, असे मला वाटते.

येथे मुलाने नेमके काय विकले, हेही पाहिले पाहिजे. काडेपेटी ही काही स्मोलांडमध्ये दुर्मिळ वस्तू नव्हती. आगकाड्यांसाठी जगभर नाव असलेले यॉन्शॉपिंग हे शहर याच प्रांतातले. (स्वीडिश आगकाडीचा आपल्याशीही संबंध आहे : स्वीडिश मॅच या कंपनीने १९२३ मध्ये स्थापन केलेल्या विम्कोचा कारखाना अंबरनाथला होता आणि विम्को नाका हे नाव तिथे रुळून गेले.) म्हणजे ज्या प्रांतात आगकाड्यांचे कारखाने, त्याच प्रांतातल्या पोराला परवडणारा भाव मात्र राजधानीतल्या बाजारात मिळाला. भाव कारखान्याच्या जवळ-लांब असण्यावर ठरत नाही, एकरकमी किती माल उचलता यावर ठरतो, ही घाऊक आणि किरकोळ यांमधली फट त्या वयात त्याला दिसली. त्या फटीच्या जोडीला त्याने विकली ती सोय. विरळ वस्तीच्या, जंगलाने वेढलेल्या त्या मुलखात शेतघरे एकमेकांपासून दूर असत, आणि दारात आलेल्या मुलाकडून पेटी घेणे हे दुकानापर्यंत जाण्यापेक्षा सोपे होते.

सायकल आणि टंकलेखन यंत्र

काडेपेट्यांनंतर मासे आले, नाताळच्या सजावटीच्या वस्तू आल्या, पेन आणि पेन्सिली आल्या. सात वर्षांचा झाल्यावर तो सायकलवरून लांबच्या घरांपर्यंत जाऊ लागला. अकराव्या वर्षी बागेत लावायच्या बियाण्यांचा व्यवहार त्याने केला आणि हा त्याचा पहिला म्हणण्याजोगा मोठा व्यवहार ठरला. त्या पैशांतून त्याने दोन वस्तू घेतल्या : शर्यतीची सायकल आणि टंकलेखन यंत्र.

या दोन खरेद्यांवर थोडे थांबावे असे वाटते. अकरा वर्षांच्या मुलाने सायकल घ्यावी यात आश्चर्य नाही, ती कोणीही घेईल. टंकलेखन यंत्राचे मात्र नवल वाटते, विशेषतः ज्या मुलाला लिहिण्या-वाचण्यात अडचण होती त्याने ते घ्यावे याचे. काम्प्राडला अक्षरे आणि आकडे यांचा गोंधळ करणारा वाचनदोष होता. पुढे फर्निचर विकू लागल्यावर मालाचे सांकेतिक क्रमांक लक्षात राहत नाहीत म्हणून तो वस्तूंना नावे देऊ लागला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. टंकलेखन यंत्रावर लिहिलेल्या पत्राचा एक फायदा असा की ते कोणाचे आहे हे हस्ताक्षरावरून कळत नाही. दूरच्या घाऊक व्यापाऱ्याला मागणीपत्र पाठवणारा शाळकरी मुलगा आहे, हे कागद सांगत नाही. त्याने यंत्र नेमके याच विचाराने घेतले असे मी म्हणत नाही, परंतु सायकलने त्याचे विक्रीचे क्षेत्र वाढवले आणि यंत्राने खरेदीचे, हे परिणामावरून स्पष्ट दिसते.

घरच्या परिस्थितीचा उल्लेख केल्याशिवाय हे प्रकरण पुरे होणार नाही. काम्प्राड कुटुंब जर्मनीहून येऊन स्मोलांडमध्ये एल्मतारिद नावाच्या शेतावर स्थिरावले होते. गहाण शेताचे पैसे फेडता येत नाहीत असे दिसल्यावर आजोबांनी आत्महत्या केली आणि आजीने, फ्रान्सिस्काने, ते शेत आपल्या हिमतीवर राखले. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला या वाक्याचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. ज्या घरात कर्जाने एक माणूस गेला आहे, त्या घरातला मुलगा धंदा करताना आधी माल रोखीने घेतो, विकतो आणि आलेल्या पैशातूनच पुढचा माल उचलतो, याला केवळ व्यवहारचातुर्य म्हणणे अपुरे ठरेल.

सही कोणाची

१९४३ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, त्याने धंद्याची रीतसर नोंदणी केली. अडचण असूनही शाळेत चांगली प्रगती केल्याबद्दल वडिलांनी त्याला बक्षीस म्हणून काही पैसे दिले होते, तेच भांडवल. नावात स्वतःच्या नावाची दोन आद्याक्षरे, एल्मतारिद या शेताचे एक आणि अगुन्नारिद या गावाचे एक, अशी चार अक्षरे जोडली. आपल्याकडेही आडनावापुढे गावाचे नाव लावून दुकानाची पाटी रंगवतात. हा त्यातलाच प्रकार, फक्त आखूड केलेला.

त्या काळी स्वीडनमध्ये सज्ञान होण्याचे वय २१ होते, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलाला नोंदणीसाठी पालकाची संमती लागली. म्हणजे भांडवल वडिलांचे, संमती मोठ्यांची आणि धंदा मुलाचा. किशोरवयीन उद्योजकाच्या यशोगाथेत ही मोठ्यांची सही सहसा खोडून टाकलेली असते, आणि मग ती वाचून एखादा मुलगा घरी येऊन म्हणतो की मला फक्त वेबसाइट करून द्या, बाकीचे माझे मी पाहीन.

बाकीचे त्याला एकट्याला पाहता येत नाही, ते भारतातही नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे सज्ञान न झालेली, व्यक्ती करार करण्यास पात्र नाही, १८७५ च्या सज्ञानता कायद्याने ती वयोमर्यादा अठरा ठरवली आहे, आणि मोहोरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये असा निर्णय दिला की अज्ञान व्यक्तीने केलेला करार नंतर रद्द करता येण्याजोगा नसून मुळातच शून्य असतो. कायद्याच्या विद्यार्थ्याला हा निकाल पहिल्या वर्षी पाठ करावा लागतो; दुकानदाराला त्याचा अर्थ न वाचताही कळतो. सतरा वर्षांच्या मुलाला पाच हजारांचा माल उधार दिला आणि त्याने पैसे बुडवले, तर करारावर बोट ठेवून न्यायालयात वसुली मागता येत नाही. म्हणून घाऊक व्यापारी अशा मुलाशी दोनच प्रकारे वागतो : एक तर रोख मागतो, नाही तर 'वडिलांना घेऊन ये' म्हणतो. मुलांना हा वयाचा अपमान वाटतो, पण व्यापाऱ्याचे तरी काय चुकले?

कायद्याने मुलाचा मार्ग पूर्ण बंद केलेला नाही, हेही खरे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार सर्व भागीदारांची संमती असेल तर अज्ञान मुलाला भागीदारीच्या लाभांपुरते सामील करून घेता येते आणि देण्यांसाठी तो व्यक्तिशः जबाबदार धरला जात नाही. दहा वर्षांवरील मुलाला, बँकेची तयारी असेल तर, बचत खाते स्वतः चालवता येते. प्राप्तिकरात मुलाचे उत्पन्न सामान्यतः पालकाच्या उत्पन्नात मिळवतात, मात्र ते त्याच्या स्वतःच्या श्रमातून किंवा कौशल्यातून आलेले असेल तर मिळवत नाहीत. आता स्वतः रंगवलेल्या पणत्यांचे उत्पन्न कौशल्याचे म्हणता येईल, पण शंभर काडेपेट्या आणून सुट्या विकण्यातला नफा कोणत्या खान्यात टाकायचा, हा प्रश्न घरच्या सनदी लेखापालाला जरूर विचारून पाहावा. चहा संपेपर्यंत उत्तर मिळणार नाही.

१९४३ सालची आणखी एक नोंद वगळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच वर्षी स्वीडनच्या सुरक्षा पोलिसांनी या सतरा वर्षांच्या मुलाच्या नावाने एक फाइल उघडली होती, कारण तो स्वीडिश नाझी पक्षाचा सभासद झाला होता. फॅसिस्ट चळवळीशी असलेले त्याचे संबंध १९९४ मध्ये वृत्तपत्रातून उघड झाले तेव्हा त्याने कर्मचाऱ्यांना पत्र लिहून माफी मागितली आणि ती आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी चूक असल्याचे म्हटले. पक्षाच्या सभासदत्वाचा आणि पोलीस फाइलीचा तपशील पुढे २०११ मध्ये बाहेर आला. खरेदी-विक्रीत इतका तल्लख असलेला मुलगा त्याच वयात माणसांविषयी किती आंधळा असू शकतो, हे या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की दिसते. धंद्याची अक्कल लवकर आली म्हणून बाकीचीही आली, असे घरच्यांनी धरून चालू नये.

दूधगाडी

नोंदणी झाली त्या वेळी दुसरे महायुद्ध सुरू होते आणि स्वीडन तटस्थ होता. आयकियाच्या पहिल्या मालात पेन, पैशांची पाकिटे, तसबिरींच्या चौकटी, टेबलावर घालायच्या पट्ट्या, घड्याळे, दागिने आणि नायलॉनचे मोजे होते. या यादीतली प्रत्येक वस्तू लहान, हलकी आणि टपालाच्या पाकिटात किंवा छोट्या खोक्यात मावणारी आहे. शंभर काडेपेट्यांच्या पार्सलचे पैसे आता कोणी नातेवाईक सोसणार नव्हते, आणि ते ज्याला कळले आहे त्याचाच माल असा असतो.

सायकलवरून घरोघरी जाऊन विकण्याची मर्यादा लवकरच आली. १९४५ च्या सुमारास त्याने स्थानिक वृत्तपत्रांत जाहिराती द्यायला आणि टपालाने मागणी घ्यायला सुरुवात केली. मागणी आली तरी माल रेल्वे स्थानकापर्यंत न्यायचा कसा, हा प्रश्न उरलाच होता, आणि त्याने काढलेले उत्तर मला या प्रकरणातले सर्वांत देखणे पान वाटते. भागातली दूधगाडी तशीही रोज निघत होती आणि स्थानकाकडे जातच होती. त्याने आपली पार्सले त्या गाडीत टाकायला सुरुवात केली.

कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला हे चित्र सहज डोळ्यांसमोर आणता येईल. पहाटे दूध संघाची गाडी फाट्यावर थांबते, कॅन चढतात, आणि कॅनांच्या फटीत कोणाची तरी औषधाची पिशवी, कोणाचा दुरुस्तीला चाललेला मिक्सर, तर कोणाच्या पोराचा हॉस्टेलचा डबा बसतो. गाडी निघायची ती दुधासाठीच निघते. पिशवी नेण्याने तिच्या डिझेलमध्ये काही फरक पडत नाही. एसटीच्या पार्सलाचेही तेच. जी चाके कोणाच्या तरी दुसऱ्याच खर्चाने फिरत आहेत त्यांवर आपला माल बसवणे, एवढीच ती युक्ती होती, आणि टपालखर्च सोसणारे आप्त नसताना ती एका एकोणीस वर्षांच्या मुलाला सुचली.

फर्निचर आले ते १९४८ मध्ये, म्हणजे मालक बावीस वर्षांचा झाल्यावर. आसपासच्या जंगलपट्ट्यातले छोटे कारागीर ते बनवून देत. त्याच भागातला एक प्रतिस्पर्धी फर्निचरची टपालविक्री आधीपासून करत होता, आणि दोघांमध्ये भाव पाडण्याची चढाओढ लागली. भाव उतरला तसा मालही उतरला. जाहिरातीतल्या चित्रावरून खुर्ची मागवणाऱ्या गिऱ्हाइकाला हाती काय पडेल याचा भरवसा राहिला नाही. आज ऑनलाइन कुर्ता मागवून पाकीट फोडताना जो अनुभव येतो तो नवा नाही. यावर त्याने १९५३ मध्ये एल्महुल्ट या गावी एक दालन उघडले, जिथे गिऱ्हाइकाने माल हाताने चाचपून पाहावा आणि मग मागणी नोंदवावी. किशोरवयाच्या मर्यादेत हे बसत नाही, पण काडेपेटी विकताना हा प्रश्न कधी उद्भवलाच नव्हता, कारण दारात उभा राहिलेला पोरगा आणि हातातली पेटी दोन्ही गिऱ्हाइकाला समोर दिसत होती.

टपालखर्चाचा प्रश्न मात्र फर्निचरने पुन्हा उभा केला, आणि तोही कित्येक पटींनी मोठा करून. पेन आणि पाकिटे दूधगाडीत मावत होती. टेबल मावत नाही. काडेपेट्यांचे पार्सल जसे वजनापेक्षा जागा जास्त खाते, तसेच टेबलाच्या चार पायांमध्ये नुसती हवा असते आणि त्या हवेचे भाडे भरावे लागते. १९५६ मध्ये गिलिस लुंडग्रेन या कंपनीतल्या कर्मचाऱ्याने एक टेबल मोटारीत बसेना म्हणून त्याचे पाय काढले, आणि तेव्हापासून सुटे भाग चपट्या खोक्यात भरून विकण्याची पद्धत या कंपनीत रूढ झाली. पाय काढण्याची कल्पना लुंडग्रेनची. तिची किंमत ओळखायला मात्र पंचवीस वर्षे वाहतुकीचाच हिशेब करत आलेला मालक लागला.

या पद्धतीत खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या अंगावर जातो, आणि त्याच्या बदल्यात भाव कमी मिळतो. डिसेंबर २०२० पासून आयकियाचे दुकान नवी मुंबईत तुर्भ्यालाही आहे. तिथून बाहेर पडणारे एखादे कुटुंब पाहावे : बाबा लांबलचक खोके गाडीच्या पुढच्या सीटवरून मागच्या काचेपर्यंत तिरके सरकवत असतात, आई बाजूला उभी राहून दार धरते, आणि मुलगा खोक्याशेजारी उरलेल्या वीतभर जागेत अंग चोरून बसतो. घरी गेल्यावर स्क्रू आवळायचे काम बहुधा त्याच्याकडेच येते. त्या श्रमाचे पैसे कोणी लावत नाही.